लहान गेटची किल्ली

आमच्या पांढुर्ण्याच्या इंग्रजी शाळेच्या चौकीदारासोबत शेवटचा निवांत चहा मी गुरुवारी प्यालो. घंटा वाजवायच्या घाईत तो नेहमी बशीत एक घोट ठेवायचा. किल्ल्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला. पंधरा वर्षांत एक हरवली नाही, हे मी शंभरदा ऐकलं होतं.

चहा संपायच्या आत मोठ्या सरांचा हुकूम आला. लॉटरीत नंबर लागलेली, सरकारच्या फीवर शिकणारी पोरं उद्यापासून मागच्या लहान गेटनं येतील. त्यात माझी नात होती. तिचा फॉर्म माझ्या बायकोनं दोन दिवस लाइनीत उभं राहून भरला होता. नातीला गणवेशात पाहायला ती राहिली नाही.

"तू उघडशील ते गेट?" मी विचारलं.

"नोकरी आहे, काकाजी."

"मंग लाज कुठं ठेवली?"

मी चहा सोडून उठलो.

शुक्रवारी सकाळी नातीला घेऊन गेलो, तर लहान गेटला कुलूप. सर चौकीदारावर ओरडून राहिले होते.

"किल्ली हरवली, सर. शोधून राहिलो."

गळ्यातला काळा दोरा आज शर्टाच्या आत होता. त्यानं मोठं गेट सताड उघडलं आणि माझ्या नातीला म्हणाला, "चाल माय, घंटा वाजवाची आहे."