माझ्याच पायाचा ठसा

माझ्या धंद्यात समोरच्या माणसाने काहीच करायचं नसतं, आणि नेमकं तेवढंच कुणाला जमत नाही.

मी बुटात घालायचे आधार बनवायचो. कुणी त्यांना सोल म्हणे, कुणी गादी, आणि जयपुरात सी-स्कीममधल्या एका बँकेत दिवसभर काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाई 'वो आपका रबर' म्हणत. टाच दुखणारे, तळवा सपाट असलेले, मधुमेहाने पायाची जाणीव गेलेले, असे सगळे सोडाला भागातल्या माझ्या दीड खोलीच्या दुकानात येत. मी त्यांना स्टुलावर बसवायचो, पायाखाली मऊ फोमचा डबा सरकवायचो आणि सांगायचो, "पैर मेरे ऊपर छोड़ दीजिए. आप कुछ मत कीजिए." मग एका हाताने घोटा सरळ धरायचा, दुसऱ्या हाताने गुडघ्यावर दाब द्यायचा. पाय फोममध्ये रुततो, आणि अलगद उचलला की त्याचा हुबेहूब ठसा मागे राहतो. त्यात प्लास्टर ओतायचं, प्लास्टरचं पाऊल तयार होतं, आणि त्या पावलावर तापवलेलं रबर बसवून आधार घडवायचा.

पण लोकांना मदत केल्याशिवाय राहवत नाही. ते स्वतःच पाय दाबतात, नाहीतर काय चाललंय ते बघायला पुढे वाकतात. वाकलं की वजन पुढे जातं, पाऊल आतल्या बाजूला कलतं आणि ठसा वाया. एका नवरदेवाच्या आईला तर लग्नातल्या मोजडीत आधार हवा होता, तोही बाहेरून दिसता कामा नये असा. मोजडी म्हणजे पत्रावळीसारखी सपाट. मी म्हटलं, यात आधार बसेल, पण मग तुमचा पाय बसणार नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "तो पैर थोड़ा छोटा नहीं हो सकता, भैया?"

अशा गोष्टी मी रात्रीच्या जेवणात घरी सांगायचो. बायको हसायची, मुलगी "बाबा, हे तर तुम्ही बनवलं, मतलब झूठ आहे" म्हणायची. मग बायकोची नाशिकला बदली झाली.

ती विमा कंपनीत अधिकारी. याआधी दोनदा तिने अर्ज-विनंत्या करून बदली टाळली होती, या वेळी ते होण्यासारखं नव्हतं. मुलीची अकरावी सुरू व्हायची होती, म्हणून ती आईबरोबर जाणार हे ठरलंच. राहता राहिलो मी.

"तुम्ही पण चला," बायको म्हणाली. "नाशिकमध्ये लोकांना काय पाय नसतात?"

"असतात. पण इथले पाय माझ्या हाताला कळायला लागलेत आता."

"हाताला कळतात. आणि स्वतःचं काय कळतं तुम्हाला? साधा कुकर लावता येत नाही."

"येतो. मला काय धाड भरलीय?"

तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं: तब्येतीची काही कुरकुर झाली, तर दुकान बंद करून सरळ नाशिकला यायचं. मी रुबाबात "कबूल" म्हणालो. माणूस धडधाकट असला की काहीही कबूल करतो.

जूनमध्ये त्या दोघी गेल्या. ऑगस्ट उजाडला आणि माझी डावी टाच दुखायला लागली.

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. दहा-बारा पावलं भिंत धरून चालायचो, मग जरा सैल व्हायचं. हे वर्णन मी दिवसातून तीनदा गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकत होतो, त्यामुळे दुखणं काय आहे आणि त्यावर काय करायचं, हे मला जयपुरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. बायकोला सांगितलं नाही. रविवारी तिचा फोन यायचा, ती विचारायची, "तब्येत?" मी म्हणायचो, "झकास." आणि एका पायावर उभा राहून पुढचं बोलायचो.

औषध माझ्या दुकानातच होतं. पायाचा ठसा घ्यायचा, आधार बनवायचा, बुटात घालायचा. एका रविवारी फोनच्या आधीच मी स्टुलावर बसलो, डबा पायाखाली घेतला, घोटा धरला, गुडघा दाबला. आणि वाकलो. वाकल्याशिवाय स्वतःचा घोटा धरता येत नाही. पाऊल आतल्या बाजूला कललं. दुसऱ्या डब्यात घोटा न धरता ताठ बसून दाबलं, तर पाय तिरका गेला. तिसऱ्यांदा समोर आरसा ठेवला. आरशात एक टक्कल पडलेला माणूस स्वतःचा गुडघा दोन्ही हातांनी दाबताना दिसला, आणि मला इतकं हसू आलं की तोही डबा गेला. हसण्यात सामील व्हायला कुणी नव्हतं, म्हणून ते लवकर संपलं.

कुणाला सांगावं? आदर्श नगरात ओळखीचे एक निवृत्त रेल्वेवाले काका होते. दर दोन महिन्यांनी ते यायचे, मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन आधार घासून द्यायचो. पण ते वडिलांच्या वयाचे, त्यांना माझा पाय कसा धरायला सांगणार? घरमालकीण बाईंना पाय धरायला सांगणं तर शक्यच नव्हतं. शेजारचा सायकलवाला कधीही धावून आला असता, पण मग ती बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत गेली असती की पायवाल्याचाच पाय बिघडला. मी तेव्हापासून लंगडणं सुद्धा दुकानाच्या आत उरकून घेऊ लागलो.

दुकानातल्या फळीवर शे-सव्वाशे प्लास्टरची पावलं जोडीजोडीने ठेवलेली होती. संध्याकाळी शटर ओढताना वाटायचं, एवढी पावलं आहेत, पण घरी यायला एकही निघत नाही.

दिवाळीला बायकोला रजा मिळाली नाही. मुलगी तेवढी पाच दिवसांसाठी आली, नाशिकहून सणापुरत्या इकडे येणाऱ्या एका रेल्वेवाल्या कुटुंबासोबत. पहिल्या दिवशी मी पहाटेच उठून कळ जिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. उठलो, भिंत धरली, आणि बघतो तर ती दारात उभी.

"बाबा, तुम्ही असे का चालताय?"

"झोपेत आहे अजून."

"झोपेत माणूस लंगडा होतो?"

खोटं बोलायला मी तसा कच्चा. पाच मिनिटांत तिने सगळं काढून घेतलं, आणि वर विचारलं, "मग ठसा का नाही घेतला?"

"स्वतःचा घेता येत नाही."

"मग मी घेते ना."

आता यात एक अडचण होती. मुलगी लहान असताना सणाला आम्हाला वाकून नमस्कार करायची, आपल्याकडे करतात तसा. एका दिवाळीला घरमालकीण बाईंनी ते पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर नेले. "हाय राम! बेटी से पैर नहीं छुआते!" त्यांच्याकडे मुलीला पाया पडू देत नाहीत, उलट तिच्याच पाया पडतात. मुलीला हा कायदा भलताच पसंत पडला. त्या दिवसापासून नमस्कार बंद. बायको चिडली, मी म्हटलं जाऊ दे, देश तसा वेश. पण त्याला सात वर्षं होऊन गेली होती आणि तिचा हात माझ्या पायाला लागला नव्हता. तिचाच काय, कुणाचाच.

आम्ही दुकानात गेलो. सणामुळे बाजारातली दुकानं उशिरा उघडायची होती. मी स्टुलावर बसलो, ती खाली माझ्या जागेवर. माझा पाय तिने हातात घेतला, आणि मी ताबडतोब सूचना सुरू केल्या. अंगठा घोट्याच्या आत, बोटं बाहेर. घाई नको. सरळ खाली.

"बाबा, तुम्ही पाय सोडतच नाही आहात. अकडून बसलात."

"सोडलाय."

"नाही सोडला. लकडीसारखा आहे. मागे बसा. बघू नका."

मी मागे टेकलो. छताकडे बघितलं. पाय सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला आठवेना. हजार लोकांना मी ते सांगितलं असेल, आणि कुणी करू शकलं नाही की मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली असतील. तिने दोन्ही हातांनी घोटा धरून थोडा हलवला, जसं मी काकांचा हलवायचो. हे तिने कधी पाहिलं होतं कोण जाणे. शाळेतून येऊन ती इथेच कोपऱ्यात गृहपाठ करत बसायची, तेव्हाच असेल.

"हां," ती म्हणाली, "आता आला."

तिने दाबलं. फोम करकरला. पाय उचलला तेव्हा ठसा निघाला होता तो असा, की मी स्वतः घेतला असता तर गिऱ्हाइकाला दाखवला असता. माझा टाचेचा भाग चांगलाच रुंद दिसत होता. ती म्हणाली, "किती मोटा पाय आहे तुमचा," आणि हात झाडून उठली.

मी पुढच्या दोन दिवसांत प्लास्टर वाळवलं, रबर तापवून बसवलं, कडा घासल्या. बुटात घालून तिला चालून दाखवलं. "गेलं दुखणं," मी म्हणालो. "आईला आता सांगायचं कारण नाही." आधाराने एवढ्यात दुखणं जात नाही, त्याला आठवडे लागतात, हे तिला कुठून माहीत असणार, असा माझा हिशेब.

स्टेशनवर ते रेल्वेवालं कुटुंब परतीचं सामान चढवत होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं उरली असतील. ती डब्याच्या दारापर्यंत गेली, परत आली आणि सगळ्या प्लॅटफॉर्मसमोर वाकली. मी गडबडलो. सवयीने एक पाऊल मागे घेतलं, आणि तेवढ्यात तिचा अंगठा माझ्या डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, बुटाच्या वरच्या कडेतून आत, बरोबर त्या जागी दाबला गेला.

मी ओरडलो. आजूबाजूच्या दोघांनी वळून पाहिलं.

"दुखतंय अजून," ती उठत म्हणाली. "मी आईला सांगणार." आणि गाडीत चढली.

गाडी गेली. मी घरी येऊन कुलूप काढतो तर आत फोन वाजतोय.

"काय हो," बायको म्हणाली, "झकास ना?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"ऑगस्टपासून, म्हणे. गाडीतूनच फोन आला पोरीचा, त्या रेल्वेवाल्यांच्या मोबाइलवरून."

"आता म्हणशील, दुकान बंद करा."

"तसं म्हटलं का मी?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "कबूल केलंत तेव्हा तुम्हाला बांधून घालायचं नव्हतं मला. कळायला हवं होतं, एवढंच. कुठली टाच?"

"डावी."

"आता कुठे आहात?"

"फोनपाशी. उभा."

"त्या पायावर?"

मी खाली पाहिलं. नेहमीसारखाच उजव्या पायावर उभा होतो, डावा अधांतरी.

"बसा आधी," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. पलीकडे तिनेही खुर्ची ओढल्याचा आवाज आला.