सगळं पाणी रय्याकडे

मस्कतपासून लांब, डोंगरातल्या आमच्या हैल गावात भांडणं होतात ती पाण्यावरून आणि नेटवरून, आणि दोन्हींचा निवाडा हुमैद पाटकरीच करतो. पाण्याचं काम त्याच्या घराण्यात बापजाद्यांपासून आहे. आमचा फलज, म्हणजे गावाचा पाण्याचा पाट, डोंगराच्या पोटातून निघतो, गावाच्या माथ्यावर उजेडात येतो आणि पाटापाटानं डाळिंबाच्या बागांमधून खाली उतरतो. कुणाच्या बागेनं किती वेळ पाणी घ्यायचं ते हुमैद मशिदीमागच्या काठीच्या सावलीवरून ठरवतो. नेटचं काम मात्र त्याच्या गळ्यात कुणी घातलं नव्हतं. ते त्यानं आपणहून उचललं, आणि उचललं ते रय्यासाठी.

रय्या म्हणजे माझ्या शेजारच्या जहरानची मुलगी. हिच्या शिक्षणाची चित्तरकथा सांगायची तर आमच्या काळापासून सुरुवात करावी लागेल, म्हणजे तिला काय काय मिळालं ते कळेल. मी शिकलो तो लिंबोणीच्या झाडाखाली. पाटी म्हणजे उंटाच्या खांद्याचं रुंद हाड. त्यावर काजळीच्या शाईनं धडा लिहायचा, पाठ झाला की धुवून टाकायचा. एकदा माझा धडा कुत्र्यानं पळवला. मास्तरांना सांगितलं तर त्यांनी छडी उचलली. तेवढ्यात तेच कुत्रं धडा तोंडात धरून समोरून गेलं, म्हणून वाचलो! मास्तर हसून हसून खाली बसले आणि त्या दिवशी सुट्टी झाली. एवढंच आमचं शिक्षण, पण त्यावर आयुष्य निभावलं.

रय्याच्या वेळेला गावात पक्की शाळा झाली होती, पण सहावीपर्यंतच. पुढची शाळा खाली वादीत, म्हणजे पावसाळी नदीच्या दरीत. जहराननं तिला गाढवावरून पोचवायला सुरुवात केली, तर पहिल्याच हिवाळ्यात पूर आला आणि रस्ताच वाहून गेला. रस्ता परत होईपर्यंत रय्याचं लग्न झालं. नवरा सुवैद निझव्याकडे पाण्याचा टँकर चालवतो, गुरुवारी घरी येतो. भला माणूस. रय्या डाळिंबं बघायची, शेळ्या बघायची, तीन पोरं झाली.

मग ते वर्ष आलं, जेव्हा सगळ्या जगाच्या शाळांना कुलूप लागलं आणि पोरं घरात बसून पडद्यावर शिकायला लागली. रय्याची थोरली मुलगी शमसा पाचवीत होती. ती फोन समोर ठेवून बसायची आणि रय्या मागं लसूण सोलत. बाईंनी तिकडून गणित घातलं की शमसाच्या आधी मागून उत्तर यायचं. एक दिवस बाई म्हणाल्या, "शमसा, हे कोण बोललं?"

"आई."

"काय करतेय ती?"

"लसूण सोलतेय."

"लसूण राहू दे म्हणावं. तिला पुढं बसव."

रय्या पुढं बसली ती उठलीच नाही. बाईंनीच तिचं नाव पडद्यावरच्या मोठ्या माणसांच्या वर्गात घातलं. सातवीपासून बारावीपर्यंतचं सगळं तिनं स्वयंपाकघरात शिकून काढलं. तिच्या वर्गातली एकजण मसीरा बेटावरची, कोळ्याची बायको. एकजण वाळवंटातली, तिच्या धड्यात मागून उंट ओरडायचे. आणि शिकवणारे गुरुजी सलालाचे. कुणीच कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण कुणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. कोळ्याची बायको बाळंत झाली तेव्हा सगळ्या वर्गानं पडद्यावरूनच मिळून नाव ठेवलं. आमच्या लिंबोणीखाली अकरा पोरं होती आणि मास्तरांना आमच्यातल्या दोघांची नावंसुद्धा आठवायची नाहीत! म्हणून कुणी मला म्हणालं की पडद्यामुळे माणसं तुटली, तर मी त्याला रय्याच्या स्वयंपाकघरात पाठवतो.

आता नेट. आमच्या घळीत मोबाइलला रेंज नाही. माझा मुलगा सुलेमान मस्कतला असतो. शाळा पडद्यावर गेल्या त्याच वर्षी त्यानं आमच्या छपरावर नेटची एक थाळी बसवली आणि बैठकीत एक डबी लावली. आमचं घर गावात सगळ्यात वर, तेव्हा तिथूनच खाली घराघरात नेट जातं. हुमैदनं हे बघितलं आणि त्याला लगेच उमगलं. मला म्हणाला, "अबू सुलेमान, हा तर फलजच आहे! तुझ्या घरी मूळ आहे. वरच्यांनी ओढलं की खालच्याला थेंब मिळत नाही. रय्या बिचारी पार टोकाला. वाटणी करायला हवी."

शिकलेल्यांनी त्याची थट्टा केली. सालिम मधवाला, जो नेटवरून मध विकतो, तो म्हणाला, "हुमैदचाचा, आता काठी लावून नेटची सावली मोजणार का?"

"तुझ्या मधमाश्यांना धडे असतात का?"

"नाही."

"मग सकाळी दहा ते बारा तुझं दार बंद. रय्याच्या अभ्यासाचा वाटा आहे तो. तू दुपारी घे."

आणि खरंच, वाटणी सुरू झाल्यावर रय्याच्या पडद्यावरचे गुरुजी अडखळायचे थांबले. सालिमनंही मान्य केलं, तोंड वाकडं करून.

बारावी झाली तेव्हा गावातल्या बालवाडीचा प्रश्न उभा होता. जुन्या खजुराच्या कोठारात लहान पोरांचा वर्ग भरायचा आणि तो रय्याच घ्यायची, पण तिच्याकडे शिक्षिकेचं प्रमाणपत्र नव्हतं. शिक्षण खात्याकडून निरोप आला: या सालात प्रमाणपत्राची बाई मिळाली नाही, तर वर्ग बंद, आणि चार-पाच वर्षांच्या पोरांनी बसनं खाली वादीत जायचं. त्याच वादीत, जिथला रस्ता पुरात जातो. रय्यानं मस्कतच्या एका विद्यापीठात पडद्यावरूनच प्रशिक्षण घेतलं. शेवटची परीक्षा अशी, की ठरल्या दिवशी ठरल्या वेळी खऱ्या मुलांना धडा द्यायचा आणि तिघी परीक्षक बाया पडद्यावरून बघणार. चुकली तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी वर्गच नसणार.

आदल्या दिवशी हुमैद काठी घेऊन घरोघर फिरला. "उद्या सकाळी नेटला कोणी हात लावायचा नाही. सगळी तोंडं बंद. सगळं पाणी रय्याकडे."

"आणि माझी मालिका?" सालिमची सासू म्हणाली.

"नायिका आणखी एक दिवस रडेल. तिला सवय आहे."

सकाळी मी कोठारात जाऊन दाराआड बसलो. मला काम दिलं होतं पडद्यावर लक्ष ठेवायचं. रय्यानं फोन खिडकीत उभा केला होता. तिनं जमिनीवर चिकणमातीचा एक छोटा फलज केला होता, वर घागर, खाली चार इवलाल्या बागा, प्रत्येक बागेच्या तोंडाशी एक पोर. अर्धं म्हणजे काय आणि पाव म्हणजे काय, ते पाणी वाटून शिकवायचं. पडद्यावर तिघी बाया चष्मे सावरून बसल्या. रय्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज ठणठणीत.

"गैथ, तुझं दार उघड. अर्धं पाणी झालं की लाव."

"बाई, अर्धं झालं हे मला कसं कळणार?"

"तूच सांग मला."

इथपर्यंत सगळं छान. आणि नेमकं तेव्हा आमच्या घरी, गावाच्या माथ्यावर, हुमैद शेवटची फेरी मारायला गेला. माझ्या बायकोला म्हणाला, "सुलेमानची आई, सगळं बंद ना?"

"सगळं बंद. टीव्ही बंद, फोन बंद, नातवाचं ते खेळणंही बंद."

हुमैद समाधानानं पुढं गेला. हिनं मागं वळून बघितलं तर बैठकीतल्या डबीवर हिरवे दिवे लुकलुकत होते. हिला वाटलं, अगंबाई, ही अजून पितेय की! सगळ्या गावानं तोंडं बंद केली आणि आपल्याच घरी गळती! हिनं चटकन वायर उपटली, आणि पुन्हा कुणी लावू नये म्हणून ती ओढणीत गुंडाळून ठेवली.

इकडे पडद्यावर तिघी बाया दगडाच्या झाल्या. एकीचं तोंड उघडं, एकीचा हात हवेत.

"बाई, त्या बाया गोठल्या!" एक पोरगी ओरडली.

रय्यानं मान वळवून बघितलं. तिचा चेहरा उतरला. मग तिनं ओढणी खोचली आणि वळली. "त्यांना राहू दे. जुखा, गैथचं दार लागलं, आता पाणी कुणाकडे?"

"माझ्याकडे! पण त्यानं जास्त घेतलं!"

"किती जास्त? दाखव."

मी बाहेर धावलो. फोन करावा तर फोनही त्याच डबीवर चालतात. मग मी तेच केलं जे आमच्याकडे टोकाच्या बागेतलं पाणी अचानक थांबलं की करतात. बांधावर चढलो, हात तोंडाशी धरले आणि वरच्या बागेकडे आरोळी दिली, "तुटलं हो ऽऽऽ! मूळ बघा!"

वरच्या बागेत सालिम होता. त्यानं काही विचारलं नाही, कारण ही आरोळी आली की विचारायचं नसतं, वर द्यायची. "तुटलं हो ऽऽऽ!" त्याच्या वरची शेळ्यांमागची बाई, तिच्या वरचा दगडाचा बांध लावणारा गडी, आवाज बांधाबांधानं चढत गेला. हुमैदनं तो ऐकला आणि आधी पळाला फलजाच्या तोंडाकडे. तिथं पाणी भरभरून वाहत होतं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. म्हातारा आमच्या अंगणात शिरला तो धापा टाकत.

"डबी! डबीचं काय केलंस?"

"बंद केली. पीत होती."

"अगं बाई, ती पीत नाही, ती पाजते! तेच मूळ आहे!"

सुलेमानची आई म्हणते की तिनं लगेच वायर लावली. हुमैद म्हणतो की ओढणीची गाठ सुटेना आणि शेवटी दातांनी सोडवावी लागली. मी तिथं नव्हतो, तेव्हा दोघांचं खरं धरतो.

मी परत दाराआड येऊन बसलो. पाठोपाठ पडदा हलला. तिघी बाया परत आल्या, तेव्हा बाहेर आरोळी अजून बांधांवर घुमतच होती. पण रय्याची पाठ होती पडद्याकडे. ती मातीत गुडघे टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत चिखलात, आणि गैथ आणि जुखाचं भांडण चालू होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावरच्या मधल्या बाईनं ओठांवर बोट ठेवलं.

जुखानं शेवटी आपल्या बागेत बोट बुडवून सांगितलं, "माझं पाव आहे. त्याचं अर्धं आहे. माझ्यासारख्या दोन बागा केल्या तर त्याची एक होईल."

"मग न्याय कसा करायचा?"

"पुढच्या वेळी मी आधी!" जुखा म्हणाली, आणि सगळी पोरं खिदळली. रय्याही हसली, हसत हसत वळली आणि तिला तिघी दिसल्या.

मधली बाई म्हणाली, "आम्ही मधे नव्हतो. तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं, बाई."

"मग थांबला का नाहीत? धडा पुन्हा घ्यायची परवानगी मागता आली असती."

रय्यानं हात ओढणीला पुसले. "पाणी सोडलेलं होतं, बाई. पोरं दारं धरून बसली होती. त्यांना सोडून कुठं जाऊ?"

मग डावीकडच्या बाईनं विचारलं, "आणि ती बाहेरची आरोळी? कितव्या बांधापर्यंत गेली?" बाई कुठल्याशा फलजाच्याच गावची असणार. मी दाराआडून सांगितलं, "वरच्या टोकापर्यंत, बाई!" ती इतकी हसली की चष्मा पडला.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. कॉफी झाली, खजूर झाले, आणि हुमैदनं निवाडा दिला: दुसऱ्याच्या वाट्यात दार लावलं तर लावणाऱ्यानं आपल्या पाण्यातून भरपाई द्यायची, हा आमचा जुना नियम. तेव्हा आमच्या बागेचं त्या आठवड्याचं पाणी रय्याच्या डाळिंबांना. सुलेमानची आई ताठ मानेनं म्हणाली, "घे म्हणावं. दोन आठवड्यांचं घे." हुमैदला ती अजून क्षमा करत नाही, कारण तिच्या मते डबी पीत नाही हे त्यानं आधी सांगायला हवं होतं, आणि माझंही मत तेच आहे.

निकाल आला तेव्हा आमचंच पाणी रय्याच्या बागेत सुटलेलं होतं. ती फावडं घेऊन चिखलात उभी. फोन घरात. सुलेमाननं मस्कतहून यादी बघून आमच्याकडे कळवलं, रय्या पास. सुलेमानच्या आईनं आधी डबीकडे बघितलं, दिवे हिरवे आहेत याची खात्री केली, आणि मग अंगणाच्या कडेला येऊन, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः आरोळी दिली. पाणी परत आलं की देतात ती.

"आलं हो ऽऽऽ! रय्याचं आलं!"

बांधाबांधानं ती खाली उतरत गेली. सालिमनं दिली, त्याच्या सासूनं मालिका सोडून दिली. टोकाच्या बागेत रय्यानं ती ऐकली. तिनं फावडं टेकवलं, पण लगेच परत उचललं, कारण शेवटच्या वाफ्यात पाणी भरायचं राहिलं होतं. तो भरून झाल्यावर मगच ती वर आली, पोरांना घेऊन, कोठाराचं दार उघडायला.