खालची गाठ

सांगलीच्या दवाखान्यात कॅन्सरची सलाईन घेताना विट्याकडची एक बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत असायची. तिची गाठ काढूनही आजार परत आला होता. बोलताना ती बोटानं मांडीवरची साडी खुरपल्यासारखी करायची.

"रानातल्या लव्हाळ्यागत हाय बगा. वरनं खुरपलं तरी खालची गाठ जित्ती. डॉक्टर म्हनत्यात, मुळातल्या पेशी मरायचं इसरल्यात. नवं औषध त्यास्नी आठवण करून देतंय." मग डोळे मिचकावून म्हणाली, "म्या औषधाला सांगितलंय, त्यास्नीच करून दे आठवण. मला नगं करून देऊस."

मी नुसती हसले. परक्यापुढं मला बोलायला सुचत नाही.

गेल्या दोन खेपा ती आली नाही. नर्सला विचारावं, तर तिचं नाव ठाऊक नाही. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून मी जागा धरते.