कोठी खालून वाजत होती

मेडशीच्या एसटी स्टँडवर स्टुलावर चढून मी माझ्याच मुलाचा फ्लेक्स विळ्याने कापत होते, तेव्हा सून अनवाणी धावत आली आणि खालून म्हणाली, "आई... आवाज बंद झाला."

विळा हातातून सुटला. फ्लेक्सची एक बाजू लोंबत होती. वर्दीतला मिलिंद, भोवती झेंडूची छापील माळ, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग. लोक ओरडत होते. "बुढीचं डोकं फिरलं, उतरवा तिले!" मला एवढंच कळत होतं की सकाळपासून घरात जो आवाज येत होता तो थांबला. म्हणजे माझं पोरगं गेलं.

असले अनुभव मी कधी वाचत नाही, लिहिण्याचा तर प्रश्नच नव्हता. माझं शिक्षण चौथी. आमच्या घराने धम्म घेतला तेव्हा मी अंगावर पिणारं लेकरू होते. बापाने देव्हाऱ्यातले सगळे देव उचलले आणि नदीत टाकले. त्यानंतर आमच्या घरात देव नाही, भूत नाही, अंगात येणं नाही, लिंबू-मिरची नाही. कोणी उतारा टाकला तर त्यातला नारळ फोडून खाणारी माणसं आम्ही. म्हणून जे झालं ते मी जसं झालं तसं सांगते. अर्थ विचारू नका, मला माहीत नाही.

मिलिंद माझा सगळ्यात धाकटा. फौजेत हेलिकॉप्टरच्या इंजिनाचं काम करतो, उडताना सोबत जातो. कुठे होता ते सांगणार नाही. डोंगर आहेत, बर्फ आहे, एवढं पुरे.

आदल्या दिवशी दुपारी टीव्हीवर पट्टी फिरायला लागली — लष्कराचं हेलिकॉप्टर बेपत्ता. नाव कोणाचंच नव्हतं. माझी सून सुषमा, मिलिंदची बायको, त्याला फोन लावत राहिली, लागला नाही. मग तिच्याच फोनवर एका बाईचा फोन आला. फौजेत पेपरवाल्यांना आणि घरच्यांना बातमी देणारी अधिकारी. मराठी बोलत होती, आपण तिला मॅडम म्हणू.

"आई, मिलिंद त्या हेलिकॉप्टरमध्ये होते. चार जण आहेत. शोध चालू आहे. यापेक्षा जास्त मी आत्ता सांगू शकत नाही."

"जिता हाय का मेला, एवढं तं सांगा."

"मलाच माहीत नाही, आई. एक विनंती आहे. त्यांचा फोटो कोणाला देऊ नका. नाव, पोस्टिंग, काहीच नको."

"काहून? चोरी केली का माह्या पोरानं?"

"नाही हो. बाकीच्या घरी अजून कळवायचं आहे. त्यांना टीव्हीवरून कळू नये."

हे मला पटलं. कोणाच्या आईला पट्टीवरून कळू नये. मी सगळ्यांना सांगितलं, तोंड बंद ठेवा.

पण माझा पुतण्या राजू. जीव लावणारा पोरगा, पण पोटात काही राहत नाही. एक बातमीवाला मोटरसायकलवर आला आणि राजूने मिलिंदचा वर्दीतला फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला. मी धरलं तेव्हा म्हणतो, "मोठमाय, दादाचा फोटो टीव्हीवर लागला तं वरपर्यंत बोभाटा होईन. लवकर शोधतीन ना!"

"आता तुहा मोबाइल चुलीत घालू का तुले घालू?"

बातमीवाल्याने 'सूत्रांकडून समजते' असं लिहून चौघांनाही मारून टाकलं. सकाळपर्यंत ती बातमी गावाच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली. त्यात एक मोठे पुढारी त्याच दुपारी हायवेवरून जाणार होते. त्यांची गाडी मेडशीला थांबावी म्हणून तालुक्याला, मालेगावला फ्लेक्स छापायला गेला. आमच्याकडे माणूस मेला की नाही हे ठरायच्या आधी फ्लेक्सचा साइज ठरतो.

त्याच सकाळी आवाज सुरू झाला.

घराच्या मधल्या खोलीत पत्र्याची कोठी आहे, माझ्या गळ्याइतकी उंच. तूर भरलेली होती. मी भाकरी टाकत होते. भूक कोणाला होती? पण हाताला काम पाहिजे. आतून आवाज आला. ठण्... ठण्... ठण्. थोडं थांबून परत तीन. लोखंडावर लोखंड.

"घूस असन," राजू म्हणाला. मी झाकण काढून खांद्यापर्यंत हात तुरीत घातला. काही नाही. तूर उन्हाळ्यात असते तशी कोमट. हात बाहेर काढला आणि तोल सावरायला कोठीला धरला, तर चटका बसल्यासारखा मागे घेतला. पत्रा बर्फासारखा गार होता. वैशाखात आमच्याकडे पत्र्यावर पापड भाजावा अशी गत असते. ह्या पत्र्यावर थेंब जमले होते, फ्रीजमधल्या बाटलीवर जमतात तसे, आणि ओघळून जमिनीवर पाणी झालं होतं.

राजूने हात लावला आणि तोंड पांढरं करून मागे सरकला. "हे काय व मोठमाय?"

सुषमाने कान लावला. ती बारावी शिकलेली, शांत पोरगी. हळूच म्हणाली, "आई, खालून येऊन राह्यला आवाज. कोठीतून नाई. कोठीच्या खालून."

मी जमिनीवर आडवी पडले. खरंच खालून येत होता. जशी ही कोठी म्हणजे काहीतरी मोठं लोखंड उलटं पडलंय आणि कोणी त्याच्या खाली अडकून मारतंय... अन् पाणी. ठोक्यांच्या मधे पाणी वाहल्याचा आवाज. आमच्या घराजवळ नाला नाही. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं.

आता मला वेडी म्हणा. मी भूत मानत नाही, पण कान मानते. मी सुषमाला म्हटलं, लाव त्या मॅडमला फोन.

"मॅडम, माहं पोरगं जितं हाय. लोखंड वाजवून राह्यलं. ते उलटं पडलं हाय, वाहत्या पाण्यात, खाली. तुमी खाली पाहा."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"आई," तिचा आवाज एकदम बदलला, "वाजवण्याचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगतीन? घरात ऐकू येऊन राह्यलं."

"हे बघा, खरं सांगा. कोणाचा फोन आला? मिलिंदच्या युनिटमधून कोणाचा मेसेज? ही गोष्ट बाहेर जायला नको होती."

म्हणजे खरं होतं! तिच्या तोंडून निसटलं होतं. शोधणाऱ्यांनीही आवाज ऐकला होता आणि घरच्यांपासून लपवला होता.

"बाई," मी म्हटलं, "कोण फुटला ते मंग शोधत बसजा. आधी माह्या लेकराले शोधा. तुमचे लोक कुठं पाहून राह्यले?"

"ते मी सांगू शकत नाही."

"वर पाहून राह्यले का?"

तिने तेच वाक्य परत म्हटलं. माझा तोल गेला. "अवं, तू कोणाची तरी लेक हायेस ना? मी तुले माहिती मागून नाई राह्यली, देऊन राह्यली! वर नाई, खाली! पाण्यात! एवढं एक वाक्य पुढं सरकव, मंग मले जेलात टाक."

फोन ठेवला गेला. तिने ठेवला का मी, आठवत नाही. परत लावला तर बिझी. परत लावला, बिझी. सांगायला जगात दुसरं कोणीच नव्हतं. पोलिसांना काय सांगू, माझी तुरीची कोठी वाजते म्हणून?

सुषमा कोठीला पाठ लावून बसली, चादर गुंडाळून, कारण तिला थंडी वाजत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी लोखंडी सांडशीने तीन ठोके उलट मारले. थांबले. खालून तीन आले, पण जलद, घाईघाईने. सुषमा रडायला लागली. तासन् तास आम्ही तेच केलं. त्याने मारायचे, मी मारायचे. त्याचे हळूहळू मंद होत गेले.

तेवढ्यात राजू बाहेरून सांगत आला की स्टँडवर फ्लेक्स लावून राह्यले. माझं टाळकं सरकलं. इथे पोरगं ठोके मारून मारून सांगतंय मी जिवंत आहे, आणि तिथे ह्यांनी त्याला माळ घातली! सांडशी सुषमाच्या हातात दिली, विळा घेतला आणि निघाले. पुढचं वर लिहिलंच आहे.

धावत घरी आले. कोठीला हात लावला. पत्रा तापला होता, बाकीच्या घरासारखा. थेंब वाळले होते. मी सांडशीने मारलं. मारत राहिले, पत्र्याला पोचे पडले, झाकण निघून तूर सांडली. कोणी उत्तर दिलं नाही. "मार ना रे बापा! एकदा मार!" असं मी तुरीच्या कोठीला सांगत होते, आणि दारात गावातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, बसायला आलेल्या. एक म्हणाली, "रडू द्या तिले, मोकळी होईन." मी तिच्या अंगावर सांडशी फेकली. लागली नाही, पण लागली असती तरी मला वाईट वाटलं नसतं.

मग नुसती बसले. सुषमा सांडलेली तूर सुपात भरत होती. तिने एकदाच विचारलं, "आई, मी ठोके बरोबर मारले ना?" मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि तूर भरायला लागले.

दिवे लागायच्या वेळेला मॅडमचा फोन आला. तिचा आवाज बसलेला होता.

"आई, सापडलं. खालीच होतं. ओढ्यात, उलटं. आवाज दरीत घुमून वरून आल्यासारखा वाटत होता. मिलिंद जिवंत आहेत."

मी विचारलं, तू वाक्य पुढं सरकवलं होतं का? ती म्हणाली, "मी एवढंच सांगितलं की खाली बघा. कुठून कळलं ते सांगितलं नाही. आई, तुम्हीही सांगू नका." मी अजूनपर्यंत सांगितलं नव्हतं. आता तिची नोकरी सुटली आहे, तिनेच लिहायला हरकत नाही म्हटलं.

पुढे दोन साध्या कपड्यातले लोक घरी आले. आम्हाला कोणी काय सांगितलं ते विचारलं. सुषमाचा मोबाइल पाहिला, राजूचा पाहिला. राजूला घाम फुटला. मी त्यांना कोठी दाखवली. एकाने बोटाने वाजवून पाहिली. दुसऱ्याने विचारलं, "यात काय आहे?" मी म्हटलं तूर. त्यांनी चहा घेतला आणि गेले. परत आले नाहीत.

मिलिंदला दवाखान्यात पाहिलं तेव्हा मी पहिलं तेच विचारलं, कशाने वाजवत होतास रे? तो म्हणाला, "काय वाजवलं मी?" दोन्ही हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं, पडल्या क्षणापासून हा बेशुद्ध होता. याने बोटसुद्धा हलवलं नसणार.

शेजारच्या खाटेवर पायलट होता, पाय गेलेला. त्याने सांगितलं की वाजवत होता तो चौथा, वयाने सगळ्यात लहान. कमरेपर्यंत पाण्यात अडकला होता. हाताला पाना लागला, तो घेऊन मारत राहिला. मधेच एकदा हसला आणि म्हणाला, "सर, कोई जवाब दे रहा है." पायलटला काही ऐकू आलं नव्हतं. शोधणाऱ्यांनी वाजवलं असेल, असं त्याला वाटलं. मी नंतर मॅडमला विचारलं, त्यांनी वाजवलं नव्हतं.

त्या पोराच्या आईचा नंबर मिळवून मी फोन केला. तिच्या घरच्यांनी परवानगी दिली नाही म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं — कोठी, ठोके, पाणी. तुझा मुलगा माझ्या घरात वाजवत होता, मी उत्तर देत होते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरे घर में तो कुछ नहीं बजा, बहन. मैं भी दिन भर बैठी थी."

त्याचा आवाज तिच्याकडे न जाता माझ्याकडे का आला, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर मला नको, तिला द्या.

हेलिकॉप्टरमध्ये चार जण होते. पायलट वाचला, आणि माझा मिलिंद वाचला.