दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस

कतारमधल्या, दोहा शहरातल्या आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर वर्ध्याचा होता. गाडी सिग्नलला थांबली की बोलायचा, सुटली की वाक्य अर्धंच ठेवायचा.

"आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाय साहेब. तरी बाबा मोहाची भट्टी लावे. पोलीस धरून नेत, सोडत, अन् बाबा पुन्हा लावे."

एकदा तो सुजलेल्या ओठानं आला. कामगारांच्या कॅम्पात सोबत्यांनी खोलीत चोरून दारूसाठी द्राक्षाचा रस आंबवला होता. यानं तो सगळ्यांदेखत मोरीत ओतला, म्हणून त्यांनी याला मारलं.

"पोलिसांत का नाही गेलात?" मी विचारलं.

"त्यायले जेलात टाकून गावी धाडलं असतं. त्यायचीबी लेकरं हायत."

"आणि पुन्हा आंबवला तर?"

"पुन्हा ओतीन," तो शांतपणे म्हणाला. मला त्याची काळजी वाटली.