शेणानं सारवलेला टेस्ट पिट

खड्ड्यातलं पाणी उतरायला तयार नव्हतं. आदल्या संध्याकाळी भरलेलं, सकाळी तेवढंच. मी पट्टी बुडवली, थोडी थांबले, परत बुडवली. काही फरक नाही.

"फेल है," परमिट ऑफिसचे ज्युनिअर इंजिनिअर यादवजी म्हणाले आणि घड्याळ बघायला लागले.

प्लॉट फरीदाबादच्या कडेला होता. तिथं गटाराची लाइन पोचली नव्हती. मालक देसाई दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे आणि रिटायर व्हायला आले होते. क्वार्टर सोडायच्या आत घर उभं राहायला हवं होतं, आणि सेप्टिक टँकचं परमिट मिळाल्याशिवाय बांधकाम सुरू करता येत नव्हतं.

माती तपासणाऱ्या एका लहान फर्ममध्ये मी फील्डवर होते. माझं शिक्षण चौथी. खड्डे खणून घेणं, माती चोळून बघणं, पाणी मोजणं हे माझं काम. नकाशा आणि रिपोर्ट आमचे गायकवाड साहेब करायचे.

टेस्ट समजायला सोपी आहे. टँकमधून बाहेर पडणारं पाणी शेवटी जमिनीतच मुरायचं असतं. फार भरभर मुरलं तर घाण हँडपंपात जाते. मुरलंच नाही तर अंगणात येते. म्हणून खड्डा खणायचा, पाणी भरून रात्रभर जमीन भिजू द्यायची, आणि सकाळी पाणी किती वेगानं उतरतं ते मोजायचं.

आम्ही दोन खड्डे घेतले होते. दक्षिणेकडचा साहेबांच्या पसंतीचा. वायव्येचा देसाईवहिनींच्या हट्टाचा, कारण वास्तुशास्त्रात टँकची जागा तीच. दक्षिणेचं पाणी नीट उतरत होतं. वायव्येची माती हातात घेतली तर तशीच रेताड. मग पाणी का अडलं, ते मला कळेना. साहेबांनाही कळेना.

तेवढ्यात देसाई आले आणि मागोमाग वहिनी प्रसादाचा डबा घेऊन आल्या.

"काल भूमिपूजन झालं बरं का. खड्डा आयताच खणलेला होता, तिथंच केलं. पण कच्च्या मातीत कशी पूजा मांडायची? आतून छान सारवून घेतला. चांगलं शेण मिळायला किती फिरावं लागलं मला."

पूजा उरकल्यावर संध्याकाळी शेजारच्या चौकीदारानं, मी सांगितलं होतं म्हणून, त्यात पाणी भरलं. त्यानं आत कशाला बघावं?

"वहिनी, सारवलं नाही, तुम्ही गिलावा केलात," साहेब म्हणाले.

यादवजींना मी हिंदीत सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "मेरी अम्मा भी यही करती. लेकिन लिखूँगा वही जो देखा है."

शेण खरवडून लगेच टेस्ट घेता येत नव्हती, कारण आतली जमीन भिजलीच नव्हती. नवा खड्डा म्हणजे पुन्हा एक रात्र, आणि यादवजी थेट पुढच्या महिन्यात येणार. दक्षिणेचा खड्डा मात्र ते त्याच दिवशी पास करायला तयार होते.

"दक्षिणेला नाही म्हणजे नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग भाड्याचं घर शोधतो," देसाई म्हणाले.

मी म्हटलं, "वहिनी, भाड्याच्या घरात संडास कुठल्या दिशेला आहे ते विचारणार का?"

त्या माझ्यावर चिडल्या. डब्याचं झाकण लावून बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच नवऱ्याला म्हणाल्या, "आपल्या क्वार्टरचा संडास ईशान्येला आहे ना?"

"हो. पहिल्यापासून."

"ते तर त्याहून वाईट. तरी तुमची प्रमोशनं झालीच." मग यादवजींकडे वळल्या. "लिखिए भाईसाहब, दक्षिण."

नकाशावर टँक दक्षिणेला गेला, परमिट निघालं आणि देसाई वेळेत राहायला आले. पुढं मी त्यांच्याकडे कितीदा तरी चहा प्यायले. टँक कधी तुंबला नाही. वहिनींनी वायव्येच्या त्या खड्ड्यात लिंबू लावलं आणि ते शेणामुळं नाही, पूजेमुळं फळतं असं मला ऐकवलं. मी वाद घातला नाही. लिंबं चांगली होती.

त्यानंतर मी कुठल्याही प्लॉटवर गेले की मालकाला आधी भूमिपूजन कधी आहे ते विचारायची. मातीचं नंतर.