अक्काने लिहिलेलं शेवटचं पान

भाचीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. दिंद्रुडला माझा कडबाकुट्टीची यंत्रं बनवायचा लहानसा कारखाना आहे, आणि ग्राइंडर चालू असला की फोनवरचं धड ऐकू येत नाही. "मामा, आई गेली," असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा मी "कुठं गेली?" असं विचारलं. तिसऱ्यांदा ती नुसती रडली, तेव्हा मला कळलं... या गोष्टीला दीड महिना झाला. माझी थोरली बहीण सुमन, आमची अक्का, कडा या गावी आपल्या घरी सकाळची कामं करता करता गेली. त्याआधीचे आठ महिने ती माझ्याशी बोलत नव्हती. आणि चूक माझी होती, हे आत्ताच लिहून टाकतो. नाहीतर शेवटापर्यंत मी ते टाळत राहीन.

अक्काने सगळी नोकरी प्राथमिक शाळेत शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर एका दिवाळीत ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी यंत्राच्या जाहिरातीचं पत्रक लिहीत होतो. 'बळीराजाच्या जीवनात क्रांती', 'काळाची गरज' असला सगळा मालमसाला त्यात होता आणि मी त्यावर खूश होतो. तिने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाली, "समदं हाय रे बापू, पन गिऱ्हाईक कुटं हाय यात? ज्यानं मशीन नेली त्याला इचार की कसं चाललंय. तेच छाप." मी म्हटलं, तूच विचार. मी थट्टेने म्हणालो होतो. तिने दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची यादी मागून घेतली आणि पिशवीत वही टाकून एसटी पकडली.

आता आपल्याकडे एक अडचण आहे. दारात आलेल्या माणसाला त्याच्याच मालाचं वाईट कोणी सांगत नाही. "लई भारी हाय मशीन" म्हणायचं आणि चहाचा कप पुढे करायचा, संपलं. चहा पिऊन झाला की मग तर तोंड उघडायचीच सोय नाही. अक्काने यावर आपला उपाय काढला होता. ओट्यावर बसतानाच ती म्हणायची, "आधी तक्रार, मग चहा." घरातल्या बायका हसायच्या, "कावून वो बाई, असं का?" म्हणायच्या, आणि हसता हसता काहीतरी खरं बोलून जायच्या. यंत्राचा विषय ती आधी काढायचीच नाही. मशीन यायच्या आधी सकाळ कशी जायची, विळ्याने कडबा कोण तोडायचं, पाठ कोणाची धरायची, मशीन नको असं घरात कोण म्हणत होतं, पहिल्यांदा बंद पडली तेव्हा काय केलं... असं विचारत विचारत ती आजपर्यंत यायची. आणि एकेका घराचं एक पान लिहायची, ते त्यांच्याच शब्दांत. 'कंबर मोकळी झाली' हे खोडून मी एकदा 'शारीरिक श्रमात बचत झाली' असं केलं, तर म्हणाली, "असं बोलतं का कुनी? तुझी बायको तरी बोलती का?"

तिच्या पहिल्याच पानात एका गिऱ्हाइकाची म्हैस मशीनच्या आवाजाला बुजून आठवडाभर धड दूध देईना, हे होतं. मी कपाळाला हात लावला. आपणच आपली बदनामी छापायची? पण पान छापलं, आणि लोक कारखान्यात येऊन आधी विचारू लागले, "ती म्हैस सरावली का मग?" सरावली म्हटलं की बसायचे, मशीन बघायचे. माझ्या क्रांतीच्या पत्रकाबद्दल कधी कोणी काही विचारलं नव्हतं.

मग ती पालीला गेली. शेळ्या आणि दोन म्हशी असलेलं घर, गयाबाई नावाची बाई. नवरा म्हणाला, लई भारी हाय. अक्काने चहा घेतला नाही. गयाबाई उजवा हात पदराखाली धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी तो बाहेर काढला. दोन बोटं अर्धीच होती. नवरा घाईघाईने म्हणाला, "मशीनचा दोष न्हाई वो, हिचंच ध्यान नव्हतं." पण दोष मशीनचाच होता. चारा सरकवायचा पत्रा आखूड होता, हात थेट पात्यापर्यंत जायचा. तो पत्रा मी केलेला.

अक्काने आणलेलं पान असं सुरू होत होतं : 'माज्या उजव्या हाताची दोन बोटं अर्दीच हायेत. तरी मी मशीन इकली न्हाई, कारन इळ्यानं कडबा तोडन्यात समदी सकाळ जायची.' मी म्हटलं, हे छापणार नाही. पुढच्या मशीनला पत्रा लांब करतो, वर जाळी बसवतो, विषय संपला. "आन् जुन्या मशीनी? त्या बायांला कोन सांगनार?" ती म्हणाली. मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही. थोरल्या बहिणीला असं म्हणालो मी... तिने वही मिटली आणि दुपारच्या गाडीने कड्याला निघून गेली. नव्या मशीनला मी जाळी खरंच बसवली. ते तिला फोन करून सांगावं असं रोज वाटायचं. सांगितलं असतं तर तिने जुन्या मशीनींचं विचारलं असतं, म्हणून नाही केला.

अक्काचे दिवस झाल्यावर भाचीने तिची फाइल माझ्या हातात ठेवली. छापायच्या आधी अक्का प्रत्येक पान त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची आणि खाली सही घ्यायची, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या पानांत सही नसलेलं पान एकच होतं, गयाबाईंचं.

गेल्या आठवड्यात लांब पत्रा आणि जाळी घेऊन पालीला गेलो. सुमनबाईंचा भाऊ म्हटल्यावर गयाबाईंनी घोंगडी अंथरली. जाळी बसवली, मग ओट्यावर बसून पान वाचलं.  त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "समदं बराबर हाय," त्या म्हणाल्या, "पन एक ऱ्हायलं. त्या दिशी माज्या हातानं भाकर थापंना, तर बाईंनी पदर खोचून समद्या घराच्या भाकरी केल्या. त्ये लिवलंच न्हाई त्यांनी. लिवा." मी लिहिलं. त्यांनी उरलेल्या बोटांत पेन धरून सावकाश सही केली आणि हसून म्हणाल्या, "आता जमतीया म्हनावं मला भाकर. बाईंला घेऊन या एकदा जेवायला."

आल्याआल्या सांगायला हवं होतं. मी आधी जाळी घेऊन बसलो, मग पान घेऊन बसलो.

"गयाबाई, अक्का गेली," मी म्हणालो. "महिना होऊन गेला."

  त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मग परत वाचा," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचा."